ॲम्बॅसॅडरचे झिजलेले टॅपेट घरच्या अंगणात बदलायचे असतील तर

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका तरुणाने विचारलंय. आजोबांची ॲम्बॅसॅडर मार्क फोर आहे, 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन. आजोबा गेल्यावर चार पावसाळे गाडी शेडमध्ये उभी होती. आता चालू केली तर बॉनेटखालून टकटक येते. दोनदा टॅपेट सेट करून घेतले, आठ दिवसांत आवाज परत सुरू. एका मिस्त्रीने सांगितलं, "लिफ्टर गेलेत, इंजिन उतरवायला लागणार." हे काम घरी, अंगणात करता येईल का, असा प्रश्न आहे.

करता येईल. टॅपेट बदलायला हे इंजिन उतरवावं लागत नाही. पण पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या असू देत. पहिली, झिजलेला टॅपेट सहसा एकटा झिजत नाही. त्याच्या खालचा कॅम, म्हणजे त्याला उचलणारा फिरता दांडा, कसा आहे हे बघितल्याशिवाय नवीन टॅपेट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरी, काम झाल्यावर इंजिन पहिल्यांदा चालू कराल तेव्हाची वीस मिनिटं. नवे टॅपेट पुढची वीस वर्षं चालणार की महिन्याभरात जाणार, ते त्या वीस मिनिटांत ठरतं. उद्यमनगरात पस्तीस वर्षं इंजिनं खोलतोय. टॅपेटच्या कामात जी इंजिनं परत आलेली बघितली, ती बहुतेक या दोन कारणांनीच.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे "टॅपेट सेट करा" म्हणतात तेव्हा रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधली फट अभिप्रेत असते. खरा टॅपेट, म्हणजे तुमचा मिस्त्री ज्याला लिफ्टर म्हणाला तो, इंजिनच्या ब्लॉकमध्ये खाली असतो. वाटीसारखा पोकळ, बुडाला सपाट असा लोखंडी तुकडा, जाडी 13/16 इंच म्हणजे साधारण साडेवीस मिलिमीटर. त्याचं बूड कॅमच्या उंचवट्यावर टेकतं. वरच्या वाटीत पुशरॉड बसतो, पुशरॉड रॉकर उचलतो आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. असे आठ. तुमचं इंजिन मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, म्हणजे बीएमसीचं, बी-सिरीज, त्यात ही रचना आहे. मारुती 800 मध्ये कॅम वर हेडमध्येच असतो आणि फट स्क्रूने लावतात, तिथे असा सुटा टॅपेटच नाही. स्विफ्टच्या 1.3 डिझेलमध्ये तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ॲडजस्टर आहेत. पुढचं काही त्या गाड्यांना लावू नका.

आधी आवाज कुठला ते ठरवा

टकटक म्हणजे टॅपेटच, असं धरून चालू नका. लांब पेचकसाची मूठ कानाला लावा आणि टोक रॉकर कव्हरच्या वेगवेगळ्या जागी टेकवा, मग खाली बाजूला टॅपेटच्या झाकणावर टेकवा. वर जोरात आणि खाली मंद असेल तर रॉकरचं बुश, शाफ्ट किंवा रॉकरचं टोक बघायचं. खाली झाकणावर स्पष्ट ठोका येत असेल तर टॅपेट-कॅमकडे संशय जातो. व्हॉल्व्हच्या बाजूचा ठोका इंजिनच्या निम्म्या वेगाने पडतो, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. कान सरावला की तो पिस्टनच्या आवाजापासून वेगळा काढता येतो.

आता रॉकरच्या टोकाची एक गोष्ट, जी तुमच्या "दोनदा सेट केले" या वाक्याशी जोडलेली आहे. जुन्या रॉकरच्या व्हॉल्व्हवर टेकणाऱ्या टोकाला खड्डा पडतो, व्हॉल्व्हच्या दांड्याएवढाच रुंद. फट मोजायच्या फीलर गेजची पट्टी सरळ असते, ती त्या खड्ड्यावर पुलासारखी आडवी बसते. पट्टी 15 थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दाखवते आणि खरी फट असते 25 थाऊ. मिस्त्रीने प्रामाणिकपणे सेट केलं तरी आवाज जात नाही. म्हणून कव्हर काढून प्रत्येक रॉकरच्या टोकावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो रॉकर आधी दुरुस्त करायचा किंवा बदलायचा. कदाचित तुमचं सगळं दुखणं तेवढंच असेल.

पण तुम्ही लिहिलंय की सेट केल्यावर आवाज जातो आणि आठ दिवसांनी परत येतो. त्यावरून मला खालचा संशय जास्त येतो. कुठल्या नंबरची फट वाढली ते मोजा. दर वेळी तोच एक-दोन नंबर उघडत असेल आणि लावलेली फट धरून ठेवणारा चेकनट घट्ट असेल, तर तिथलं लोखंड रोज थोडं थोडं जातंय. ऑइल पातळ पसरट पातेल्यात सोडा आणि त्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. पिशवीला करड्या रंगाचा लेप, दळलेल्या शिशासारखा, चिकटून आला तर कॅम आणि टॅपेट एकमेकांना खातायत असं समजा.

गाडी चार पावसाळे उभी होती हेही महत्त्वाचं आहे. कोल्हापुरात जुलैमध्ये भिंतीला ओल येते, तशीच ती इंजिनच्या आतही येते. बंद इंजिनात दोन-तीन व्हॉल्व्ह उघडे राहतात. त्यांचे टॅपेट स्प्रिंगच्या पूर्ण दाबाखाली कॅमच्या टोकावर बसलेले असतात, मधलं तेल हळूहळू निथळून जातं आणि त्या जागी गंज धरतो. मग एक दिवस स्टार्टर मारला की तो गंज कानशीसारखा काम करतो.

हत्यारं

या गाडीला इंची पाने लागतात. 1/2 आणि 9/16 हे दोन गोटी पाने आणि रिंग पाने चांगल्या प्रतीचे घ्या. 13 चा मेट्रिक पाना 1/2 च्या नटवर सैल बसतो आणि कोपरे गोल करतो. 14 चा 9/16 वर बसतच नाही. ठोकून बसवू नका. नट किती जोराने आवळला ते दाखवणारा टॉर्क पाना नसेल तर दोन दिवसांसाठी कुणाकडून तरी मागून आणा, त्याच्याशिवाय हे काम सुरू करू नका. फीलर गेज, टॉर्च, व्हर्नियर, गाडीचं स्वतःचं हँडल, रॉकेल, भरपूर धुतलेल्या सुती चिंध्या, आणि अंड्यांचा एक ट्रे. ट्रेच्या आठ खळग्यांत मार्करने 1 ते 8 आकडे टाका. रेडिएटरकडचा 1.

सामान आधी आणून ठेवा: आठ टॅपेट, टॅपेटच्या झाकणांची कॉर्क पॅकिंग, मॅनिफोल्ड गॅस्केट, रॉकर कव्हरचं पॅकिंग, हेड गॅस्केट, ऑइल, फिल्टर आणि मॉलिब्डेनमवालं असेंब्ली पेस्ट. ॲम्बॅसॅडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना 2014 मध्ये बंद झाला, त्यामुळे टॅपेट जुन्या साठ्यातून शोधावे लागतात. हेच बी-सिरीज घराणं इंग्लंडच्या एमजीबी गाडीत 1980 पर्यंत होतं. तिचे हौशी मालक भरपूर असल्यामुळे तिकडे टॅपेट अजून नवे मिळतात. मात्र त्यांत कमी-जास्त लांबीचे प्रकार आहेत आणि लांबी बदलली की पुशरॉडही बदलतो. तुमचा जुना टॅपेट व्हर्नियरने मोजा, लांबी आणि जाडी दोन्ही जुळत असतील तरच मागवा.

खोलताना

बॅटरीची वायर काढा. रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींतलं पाणी सोडा. कूलंट असेल तर बादलीत धरा, गोडसर असल्यामुळे गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड डाव्या अंगाला आहेत. टॅपेटची दोन झाकणं त्यांच्याच मागे, ब्लॉकच्या कुशीत असतात, म्हणून आधी कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड काढावे लागतात. मॅनिफोल्डचे नट जुने असतात. आदल्या रात्री डिझेल लावून ठेवा.

मग रॉकर शाफ्ट. इथे पाणी सोडायचं कारण कळेल. रॉकर शाफ्टच्या खुंट्यांना आठ नट असतात. बघायला सगळे सारखे वाटतात, पण त्यातले चार नुसत्या खुंट्यांचे आहेत आणि चार हेडचे. हेडला एकूण अकरा नट, त्यातले सात बाहेर उघडे आणि चार रॉकरच्या खुंट्यांतून जाणारे. तुम्ही फक्त रॉकरचे आठ सैल केले तर हेड एका बाजूला सुटतं आणि दुसऱ्या बाजूला बाहेरच्या सात नटांनी आवळलेलंच राहतं. ते तेवढ्याने वाकतं, गॅस्केट सुटतं आणि पाणी सिलिंडरमध्ये आणि तिथून खाली ऑइलमध्ये जातं. शिकत असताना माझ्या हातून हे झालंय. लग्नाच्या वरातीची गाडी होती, दुसऱ्या दिवशी सकाळी डिपस्टिक काढली तर तिला ताकासारखं पांढरं ऑइल लागलेलं. त्या घरच्या लोकांनी मला शब्दाने दुखावलं नाही, पण मुलीच्या पाठवणीला त्यांना दुसरी गाडी शोधावी लागली, आणि ते मी आजवर विसरलेलो नाही. अकराच्या अकरा नट क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा, दोन-तीन फेऱ्यांत सैल करायचे. मगच रॉकर उचलायचा.

हेड पूर्ण उचलायचं का? पुस्तकाप्रमाणे नट सैल करून परत आवळले तरी चालतं. माझं मत वेगळं आहे. तुमच्या गाडीचं गॅस्केट कधी टाकलंय कुणाला माहीत नाही, त्यात ती चार वर्षं उभी होती. दाबलेलं जुनं गॅस्केट एकदा सैल झालं की परत पहिल्यासारखं बसेल याची खात्री नाही. हेड उचला, दोन्ही पृष्ठभाग साफ करा, नवं गॅस्केट टाका. व्हॉल्व्हच्या सीटही त्यानिमित्ताने डोळ्यांखालून जातील.

पुशरॉड काढताना सरळ वर ओढू नका. तेलाच्या ओढीने खालचा टॅपेट त्याच्याबरोबर वर येतो आणि मध्येच सुटून खाली आदळतो. आधी बोटांत धरून गोल फिरवा, कडेला थोडा कलता करा, "टप्" असा बारीक आवाज येऊन ओढ सुटली की मग काढा. ट्रेमधल्या त्याच्या नंबराजवळ ठेवा. पुढे काचेच्या तुकड्यावर एकेक लोळवून बघा. वाकलेला पुशरॉड लोळताना उड्या मारतो.

झाकणांच्या आजूबाजूची माती-तेल रॉकेल आणि ब्रशने आधी धुवा. झाकण उघडल्यावर आत जे पडेल ते थेट कॅमवर जातं. प्रत्येक झाकण मधल्या एका बोल्टवर असतं. झाकण निघालं की आत टॅपेटच्या माना दिसतील, वाटीत बोट घालून वर उचलायचे. चिकटले असतील तर भोवतीचा डांबरासारखा थर थिनरने मऊ करा, टॅपेट डावीकडे-उजवीकडे फिरवत वर घ्या. पक्कड लावू नका, बाजूला ओरखडा गेला तर तो टॅपेट आणि भोक दोन्ही गेलं. प्रत्येक टॅपेट त्याच्या खळग्यात. चांगला निघाला तर तो त्याच भोकात परत जाणार आहे, शेजारच्या नाही.

टॅपेटचं बूड वाचायचं कसं

आता सावकाश, उन्हात बसून करायचं काम. माझ्या दृष्टीने अख्ख्या खटाटोपातला हाच गाभा आहे.

टॅपेट काम करताना नुसता वर-खाली होत नाही, तो स्वतःभोवती फिरतो. कॅमचा लोब, म्हणजे तो उंचवटा, टॅपेटच्या बरोबर मध्याखाली नसतो, किंचित बाजूला असतो, त्यामुळे दर उचलीला तो टॅपेटला थोडा वळवतो. फिरत राहिला की झीज सगळ्या बुडावर वाटली जाते. फिरायचा थांबला की एकाच रेघेवर सगळा भार येतो.

चांगल्या टॅपेटच्या बुडावर आरशासारखी चकाकी असते आणि तिरक्या उन्हात धरलं की ताटलीवरच्या घासणीसारखी अगदी बारीक गोल वर्तुळं दिसतात. तो फिरत होता. असा टॅपेट पुसून परत ट्रेमध्ये ठेवा. दुसऱ्यावर मधून सरळ पट्टा दिसेल, एका बाजूकडून दुसरीकडे, रस्त्यासारखा. तो फिरायचा थांबलाय. तिसऱ्यावर देवीच्या वणांसारखे बारीक खड्डे असतील. ते गंजाने किंवा थकून कडक थराचे टवके उडाल्याने पडतात. आणि चौथा प्रकार सगळ्यात वाईट, बूड बशीसारखं आत गेलेलं. ते डोळ्याला कळत नाही. एका टॅपेटच्या बुडावर व्हर्नियरची सरळ कड उभी टेकवा आणि पलीकडून उजेड धरा. मध्ये उजेडाची चीर दिसली तर बशी झाली. कड मध्यावर टेकून कणभर डुलत असेल तर काळजी नको.

काही जण बशी झालेलं बूड पॉलिश पेपरवर घासून किंवा ग्राइंडरवर सपाट करून परत टाकतात. मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. हे टॅपेट बिडाचे असतात, बुडाचा कडक थर ठरावीक जाडीचा असतो. तो घासून गेला की खाली मऊ लोखंड उरतं, ते महिन्याभरात पुन्हा बशी होतं आणि जाताना कॅमही घेऊन जातं.

कॅम बघा

टॅपेट काढल्यावर रिकाम्या भोकांतून टॉर्च मारा. कुणाला तरी हँडल धरायला बसवा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि प्लग काढलेले. हळूहळू फिरवत प्रत्येक लोब पूर्ण बघा. आत बोट असताना हँडल कुणी फिरवायचं नाही, हे आधी बोलून ठरवा. करंगळी पोचत नसेल तर खराट्याची काडी लोबच्या टोकावरून आडवी फिरवा. काठाला धार लागली, टोक सपाट लागलं किंवा खरखर जाणवली तर लोब गेला.

डोळ्यावर समाधान मानू नका, उचल मोजा. चांगला टॅपेट आणि पुशरॉड एकेका भोकात तात्पुरते बसवा, पुशरॉडचं वरचं टोक ब्लॉकच्या, हेड बसतं त्या पृष्ठभागापासून किती उंच आहे ते व्हर्नियरच्या दांडीने लोबच्या तळाला आणि टोकाला मोजा. फरक ही त्या लोबची उचल. डायल गेज असेल तर उत्तम. आठही आकडे कागदावर लिहा. या इंजिनात 1, 4, 5, 8 एक्झॉस्ट आणि 2, 3, 6, 7 इनलेट. एक्झॉस्टची तुलना एक्झॉस्टशी, इनलेटची इनलेटशी. सगळे जवळजवळ सारखे आणि एखादा अर्धा मिलिमीटर कमी भरला, तर तुमचा टकटकणारा नंबर तोच निघेल.

कॅम चांगला असेल तर त्यावर नवे टॅपेट चालतात. कॅम गेलेला असेल तर इथे थांबा. नव्या टॅपेटला जुना खराब लोब आठ-पंधरा दिवसांत खाऊन टाकतो. उलट, नव्या कॅमवर जुने टॅपेट तर कधीच नाहीत. कॅमशाफ्ट काढायला रेडिएटर, टायमिंग कव्हर, चेन, डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह, ऑइल सम्प आणि पंप एवढं सगळं काढावं लागतं, कारण पंपही कॅमशाफ्टवरच चालतो. ते अंगणातलं काम राहत नाही. तेव्हा मात्र तुमच्या मिस्त्रीचं म्हणणं बरोबर ठरेल, इंजिन उतरवलेलं बरं. कॅमचं ग्राइंडिंग साध्या लेथवर होत नाही, त्याचं मशीन वेगळं असतं. उद्यमनगरात विचारताना "कॅमची प्रोफाइल ग्राइंड करता का" असंच विचारा.

बसवताना

नवा टॅपेट भोकात कसा बसायला हवा याचा बीएमसीचा निकष साधा आणि अचूक आहे: तेल लावलेला टॅपेट स्वतःच्या वजनाने, सावकाश, खाली सरकला पाहिजे. दगडासारखा पडला तर सैल, अडकला तर घट्ट. आठ टॅपेट आठ भोकांत अदलाबदल करून बघा, इंचाच्या हजाराव्या भागाएवढा फरक असतो आणि जोड्या जुळतात. ही अदलाबदल फक्त नव्या टॅपेटची. जुने आपापल्या जागी.

प्रत्येकाच्या बुडाला आणि लोबच्या टोकाला मॉलिब्डेनम पेस्ट बोटाने चोळून लावा, बाजूंना साधं इंजिन ऑइल. पेस्ट बाजूंना लावू नका, घट्ट होऊन टॅपेटचं फिरणं अडतं. बसवल्यावर हँडलने दोन फेरे देऊन प्रत्येक टॅपेट फिरतोय का ते बघा, पुशरॉडवर मार्करचा ठिपका दिलात की वळण दिसतं.

झाकणाचं कॉर्क पॅकिंग आदल्या दिवशी पाण्यात भिजवून सरळ करून घ्या. बोल्ट फक्त कॉर्क दबेपर्यंत. गळतंय म्हणून अजून आवळला की पत्रा मध्ये वाकतो आणि कडा उचलल्या जातात, मग कायमचं गळतं. मॅनिफोल्ड परत चढल्यावर ते झाकण हाताशी येत नाही, म्हणून आत्ताच नीट करा.

रॉकर शाफ्ट बाहेर आहे तोवर त्याच्या आतली पोकळी बघा. ती बहुधा काळ्या गाळाने तुंबलेली असते. टोकाचं बूच काढून तारेने आणि रॉकेलने छिद्रं मोकळी करा. रॉकरला तेल न पोचल्याने होणारा आवाज लोक टॅपेटच्या नावावर खपवतात.

हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, शेवटी 50 फूट-पौंडांपर्यंत. किलोमध्ये मोजणारा पाना असेल तर सात किलोग्रॅम-मीटरच्या किंचित आत. रॉकरच्या खुंट्यांचे बाकीचे चार लहान नट 25 फूट-पौंड. घाईत सगळ्यांना एकच माप लावू नका.

फट 15 थाऊ, म्हणजे 0.38 मिलिमीटर. कुठला व्हॉल्व्ह कधी सेट करायचा हे या इंजिनात नऊच्या हिशोबाने लक्षात राहतं. 8 नंबरचा पूर्ण उघडला की 1 सेट करा, 6 उघडला की 3, 4 उघडला की 5, 7 उघडला की 2. पुढे 1 उघडला की 8, 3 ला 6, 5 ला 4, 2 ला 7. दोघांची बेरीज दर वेळी नऊ. या क्रमाने हँडल कमीत कमी फिरवावं लागतं.

पहिली वीस मिनिटं

या इंजिनात लोब आणि टॅपेटच्या मध्ये दाबाने तेल येत नाही. क्रँक फिरताना जे तेल उडतं आणि वरून जे निथळतं, त्यावरच ते भिजतात. इंजिन आयडलवर हळू फिरतं तेव्हा तेल कमी उडतं आणि लोबच्या टोकावर स्प्रिंगचा दाब मात्र पूर्ण असतो. नव्या पृष्ठभागांसाठी ही सगळ्यात वाईट अवस्था. म्हणून पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन आयडलवर सोडायचं नाही. लगेच 2000 आरपीएमच्या आसपास नेऊन वीस मिनिटं तिथेच, थोडं वर-थोडं खाली करत ठेवायचं.

त्यासाठी पहिल्याच झटक्यात चालू होईल अशी तयारी हवी. स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत बसलात तर पेस्ट पुसून जाते. पाणी भरलेलं, कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल आलेलं, डिस्ट्रिब्युटर हलवलेला नाही, बॅटरी पूर्ण चार्ज. प्लग काढून ऑइलचा काटा हलेपर्यंतच थोडं फिरवा, मग प्लग लावा. गाडी उघड्या अंगणात असू दे, बंद शेडमध्ये एवढा वेळ इंजिन चालवणं जिवावर बेतू शकतं. उभ्या गाडीत रेडिएटरला वारा लागत नाही, म्हणून घरातला मोठा स्टँडचा पंखा समोर लावा आणि पाण्याच्या तापमानावर एकाने नजर ठेवा. इंजिनचे आरपीएम मोजायचा काटा या गाडीत नाही. टॅकोमीटर असलेला मल्टिमीटर मिळाला तर बरं. पाणी उकळायला लागलं किंवा ऑइलचा दाब पडला तर इंजिन बंद करा, गार होऊ द्या आणि उरलेली मिनिटं परत त्याच वेगाला पुरी करा.

ऑइल कुठलं, हे विचारलं नाहीत पण सांगतो. अशा सपाट टॅपेटना ऑइलमधलं जस्त-फॉस्फरसचं रसायन वाचवतं. आजकालच्या गाड्यांसाठीच्या पातळ ऑइलमध्ये, 5डब्ल्यू-30 वगैरे, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून फॉस्फरस 0.08 टक्क्यांवर अडवलेला असतो. तुमच्या गाडीला कन्व्हर्टर नाही आणि तिला ते ऑइल नको. मिनरल 20डब्ल्यू-50 घ्या. किंवा सीआय-4 दर्जाचं 15डब्ल्यू-40, जे ट्रक-ट्रॅक्टरवाले वापरतात, तेही मी अशा इंजिनांना बिनधास्त टाकतो. महागडं सिंथेटिक रनिंग-इनला, म्हणजे नवे भाग एकमेकांना रुळेपर्यंत, तरी नको.

वीस मिनिटं झाली की इंजिन बंद करा, गरम असतानाच रॉकर कव्हर काढून आठही फटी पुन्हा 15 थाऊला लावा. दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना हेडचे नट परत एकदा त्याच क्रमाने 50 ला तपासा, त्यानंतर टॅपेटच्या फटी पुन्हा. नट कणभर फिरला की फट बदलते, हे विसरू नका. पहिलं ऑइल आणि फिल्टर 500 किलोमीटरला बदला, आणि सोडलेल्या ऑइलमधून ते पिशवीतलं लोहचुंबक परत फिरवा. पहिल्या वेळी थोडा लेप येणारच. हजाराला मात्र पिशवी जवळपास स्वच्छ निघाली पाहिजे. तोवर पन्हाळ्याच्या घाटात भरली गाडी चढवू नका, गावातल्या गावात फिरवा. आणि उचलीच्या त्या आठ आकड्यांचा कागद गाडीच्या डॅशच्या कप्प्यात ठेवा. वर्षभराने फटी मोजाल तेव्हा एखादा नंबर पुन्हा उघडायला लागला असेल, तर त्याची उचल कमी झालीय का, हे त्या कागदाशी ताडून बघता येईल.